पंचविसावा मणी

सर,

परवा तुमच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत हसू दाबत बसले होते. देवमाणूस आठवड्यातून एकदा ट्रे आपटत नाही, आणि ‘ही कातर आहे की अडकित्ता’ असं भर ऑपरेशनमध्ये ओरडत नाही. मेट्रनबाईंना वाटलं मला हुंदका आला, म्हणून त्यांनी पाठीवरून हात फिरवला. हुंदकाही होताच म्हणा. दोन्ही एकदम चाललं होतं.

मलाही बोलायला सांगत होते. सात वर्षं ऑपरेशन टेबलाच्या पलीकडे तुमच्यासमोर उभी राहिलेली सिस्टर, तिने दोन शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं. मला जे बोलायचंय ते माइकवर बोलण्यासारखं नाही. मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते, सर. एका शब्दाचं खोटं, पण ते एका बाईच्या पायावर बेतलं असतं. ते सांगून टाकावं म्हणून आज कागद घेऊन बसलेय. सरळ मुद्द्यावर मात्र येणार नाही. शैला सिस्टरना किती वाजले विचारलं की त्या घड्याळ कुणी दिलं तिथपासून सुरू करतात, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. आज ऐकून घ्या. मध्येच ग्लोव्हज काढून निघून जायची सोय नाही.

तर घड्याळापासून. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन पनवेलला आले आणि हमरस्त्यालगतच्या आपल्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात नोकरी धरली. तेव्हा बंदराचं काम जोरात होतं. उरणच्या रस्त्याने दिवसभर डंपर धावायचे आणि दर दोन-चार दिवसांनी कुणाचा तरी पाय त्यांच्या चाकाखाली यायचा. कातडी फाटून नडगीचं हाड बाहेर, आणि त्यात माती, खडी, खाडीचा चिखल. हाड जुळवणं तुमच्या डाव्या हातचा मळ होता. पण हाड जुळलं तरी आत गेलेली घाण जुळू द्यायची नाही. पुरुष वॉर्डातल्या खिडकीकडच्या चार खाटा कायम तसल्या पायांच्या असायच्या. पायाला पू, पुवाला वास, आणि वासाला इलाज नाही. सहा महिने, वर्ष असं वाहून वाहून शेवटी पाय कापायचा. कापलात की तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलायचा नाहीत आणि कॅन्टीनचा चहा परत पाठवायचात.

धुणं हा तुमचा पहिला मंत्र. गमबूट चढवायचे आणि सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या त्या जखमेवर ओतायच्या. मी म्हणायचे, झालं की स्वच्छ. तुम्ही म्हणायचात, ‘तुम्हाला दिसतंय ते स्वच्छ. अजून चार बाटल्या आणा. आपण सर्जन नाही सिस्टर, आपण धोबी आहोत.’ थिएटरच्या फरशीवर घोट्याएवढं पाणी साचायचं, आणि सफाईवाल्या मावशी दाराशी उभ्या राहून तुमचा उद्धार करायच्या. तो तुम्हाला ऐकू यायचा, आणि ऐकू आला नाही असं तुम्ही दाखवायचात.

तरीही पू व्हायचाच. इंजेक्शनं चालू असायची, पण ज्या पायात रक्त धड पोचत नाही तिथे रक्तातून दिलेलं औषध काय पोचणार. डोस वाढवला की पेशंटचे कान आणि मूत्रपिंडं पणाला लागायची. मग एकदा तुम्ही मुंबईच्या कुठल्याशा बैठकीहून परत आलात ते उड्या मारतच. परदेशात म्हणे हाडाच्या सिमेंटमध्ये जंतूंवरचं औषध मिसळतात, त्याचे मणी वळतात, तारेत ओवतात आणि ती माळ थेट जखमेत हाडाशी ठेवून देतात. मण्यातून औषध झिरपत राहतं, जिथे हवं तिथेच. दोन आठवड्यांनी माळ ओढून काढायची. तयार माळा आपल्याला मिळण्यासारख्या नव्हत्या. ‘मग आपण करू,’ तुम्ही म्हणालात, जशा काही चकल्याच करायच्या होत्या.

पहिल्या दिवशीची फजिती मी शोकसभेत सांगितली असती तर सभा उठली असती. मेट्रनबाईंचा स्टीलचा वाडगा तुम्ही न विचारता उचललात. त्यात सिमेंटची पावडर, औषधाची पावडर, वरून ते पातळ रसायन. थिएटरभर नेलपॉलिशसारखा उग्र वास. ते सिमेंट आधी चिकट, मग कणकेसारखं, आणि बघता बघता दगड. कणकेची तीन-चार मिनिटं काय ती हातात, आणि वैशाखाच्या उकाड्यात तीही पुरती नाहीत. तुम्ही तीन मणी केलेत, बोराएवढे. चौथा ग्लोव्हला चिकटला. तो सोडवेपर्यंत बाकीचं वाडग्यात थिजलं, आणि वाडगा इतका तापला की तो तुमच्या हातातून सुटला. ‘तापतं ते चांगलं आहे,’ बोटं झटकत तुम्ही मला शिकवत होतात, ‘म्हणून तर हेच औषध. हे तापल्यावर बिघडत नाही.’ मेट्रनबाई अजून तो वाडगा नव्या पोरींना दाखवतात. मोठ्या डॉक्टरांनी केलेला लाडू, म्हणतात.

मी त्या दिवशी म्हटलं, ‘सर, गव्हले वळलेत का कधी?’ तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की बाई उन्हाने बरळायला लागली. माझ्या माहेरी लग्न ठरलं की पहिल्यांदा गव्हले. रवा दुधात घट्ट भिजवायचा, मळायचा, आणि दोन बोटांच्या चिमटीत गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले वळायचे. रुखवतात ताट भरून मांडतात, मग खीर करतात. पीठ वाळायच्या आत हात चालला पाहिजे. ज्या मुलीचा हात चालत नाही तिला आई उठवून चुलीकडे धाडायची. मला कधी उठवलं नाही. ‘द्या इकडे,’ मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी वाडग्याखाली बर्फ ठेवायची अक्कल तुमची आणि बोटं माझी. त्या दिवशी चार मिनिटांत अठरा मणी झाले, हरभऱ्याएवढे, एकासारखा एक. वळायचा, तारेत ओवायचा, ओवल्यावर परत चिमटीत गोल करायचा. तुम्ही घड्याळ धरून उभे होतात आणि तोंडाने नुसतं ‘अरे वा, अरे वा’ चाललं होतं. सात वर्षांत तुमच्याकडून मिळालेलं तेवढंच सर्टिफिकेट.

मग तुम्ही हट्टाला पेटून शिकायला बसलात. जेवणाच्या सुट्टीत कणकेचा गोळा घेऊन सराव. वहिनी मला म्हणाल्या होत्या, ‘शैलाताई, काय शिकवलंत ह्यांना? माझ्या पोळ्यांची कणीक रोज थोडी कमी भरते.’ जन्मात जमलं नाही तुम्हाला. ज्या हातांनी तुम्ही चुराडा झालेलं हाड जुळवायचात, त्याच हातांनी गव्हला मात्र चपटा व्हायचा.

आणि जमत नाही म्हणूनच तुम्ही मोठ्या मण्यांची बाजू धरलीत, असं माझं आजही मत आहे. तुमचं म्हणणं, मणी मोठा म्हणजे औषध जास्त. माझं म्हणणं, मोठ्या बटाट्याला वरून मीठ लावलं तर आत पोचतं का? तसंच उलटं. आतलं औषध आतच बसणार, बाहेर येणार ते वरच्या सालीतलं. लहान लहान मणी केले तर साल जास्त. ‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’ तुम्ही विचारलंत. ‘स्वयंपाकघरात,’ मी म्हटलं. आठवडाभर तुम्ही माझ्याशी फक्त ‘कातर’ आणि ‘कापूस’ एवढंच बोललात. मग एका सकाळी हात धुताना, नळाकडे बघत म्हणालात, ‘आज जरा लहानच करा.’ जणू काही आधीपासून तुम्हीच तसं सांगत होतात. माझी चूक झाली, हे तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

आता जानाबाई. तुम्हाला तू म्हणणारी हॉस्पिटलातली एकमेव व्यक्ती. उरणजवळच्या मोरा बंदरातली कोळीण. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला जायची. नवरा नाही, दोन मुली शिकतायत. उरण नाक्यावर भर दुपारी डंपर मागे आला आणि डावी नडगी दोन ठिकाणी मोडली. टेम्पोतून आणली तेव्हा पाय फडक्यात गुंडाळलेला आणि रिकामी पाटी मांडीवर घट्ट धरलेली. जखमेत रस्त्याची खडी होती.

त्या दिवशी बाहेरून आलेले एक मोठे सर्जन होते. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, आजच कापा, पू चढला तर जिवावर बेतेल. चुकीचं बोलत नव्हते ते. तुम्ही स्ट्रेचरशेजारी स्टूल ओढून बसलात आणि तिला दोन्ही बाजू सांगितल्यात. ठेवला तर वाचेलही, पण पू झाला तर नंतर गुडघ्याच्या वरून कापावा लागेल.

‘आन् आताच कापलास तं?’ तिने विचारलं.

‘गुडघ्याच्या खालून. लाकडी पाय लावून चालता येईल.’

‘चालंन रं. लाँचीवं कशी चढू? फळी हालते, डोक्यावं पाटी. लाकडाच्या पायान् लाँचीवं कोन चढलाय, मना सांग.’

तुम्ही फडकं बाजूला करून परत पाय पाहिलात. ‘मंग वाचव,’ ती म्हणाली, ‘पुढचं पुढं बघू.’

आपण तो पाय धुतला तसा कुठलाच धुतला नाही. मेलेलं सगळं कापून काढलंत, बाहेरून सळयांची चौकट बसवलीत आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, ‘गव्हले.’ मी वळायला घेतले. तोंडाने मोजत होते. पंचवीस झाले, मोठ्याने पंचवीस म्हटलं, आणि नंतर केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलं, मणी पंचवीस. तुम्ही माळ हाडाभोवती ठेवलीत, तारेचं टोक बाहेर ठेवून जखम झाकलीत. मणी तुम्ही स्वतः मोजले नाहीत. गव्हले वळणारी बाई मोजताना चुकत नाही, असं तुम्ही कधीतरी गमतीने म्हटलं होतं आणि मग त्यावर विश्वासच ठेवायला लागलात.

वॉर्डात जानाबाईने तुमची दाणादाण उडवली. ‘डाक्तर, पायात माळ घातलीस, गल्यात कवा घालशील?’ अख्खा बायकांचा वॉर्ड हसला. तुम्ही कानापर्यंत लाल झालात आणि उलट्या बाजूच्या पेशंटची नाडी बघायला लागलात. तिचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पू नाही, वास नाही. तुम्ही रोज सकाळी पट्टीला नाक लावून वास घ्यायचात आणि काहीच नाही म्हणून खूश होऊन जायचात.

दोन आठवड्यांनी माळ काढली. टेबलावर जानाबाई टक्क जागी होती, कंबरेखाली बधिर. तुम्ही तार हळूहळू ओढत होतात आणि मी वाटीत मणी मोजत होते. चोवीस. परत मोजले, चोवीस. केसपेपरवर पंचवीस.

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. ओरडला नाहीत, ट्रे आपटला नाहीत. हेच भीतीचं होतं. औषध संपल्यावर आत राहिलेला मणी म्हणजे जंतूंना आयतं घर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. एक्स-रे काढला. त्या वेळचं आपलं सिमेंट फोटोत फिकट दिसायचं, हाडाच्या नाहीतर सळईच्या आड गेलं तर दिसायचंच नाही. फोटोत मणी नव्हता, पण त्यावरून तो पायात नाही असं म्हणता येत नव्हतं. शोधायचा तर स्वच्छ झालेली जखम पुन्हा पूर्ण उघडायची, कोवळं भरलेलं मांस खरवडायचं. म्हणजे वाचलेला पाय परत पणाला लावायचा.

‘काय रं,’ जानाबाई म्हणाली, ‘मोजाया चुकलास?’

आणि मला एकदम आठवलं. आमच्या घरी पहिला गव्हला ताटात जात नाही. तो देवापुढे ठेवायचा. लहानपणी चुकून ताटात टाकला की आई हातावर चापट मारायची. ती चापट हातात इतकी बसली होती की सिमेंटचा पहिला मणीसुद्धा मी तारेत ओवत नव्हते. वळायचा आणि ट्रेच्या कोपऱ्यात ठेवायचा, मोजायला दुसऱ्यापासून सुरुवात करायची. कुणी विचारलंच तर सिमेंट घट्ट झालं का ते बघतेय, असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं, पण कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी पाय बघून माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. मोजायला पहिल्यापासून सुरुवात केली असेल, म्हणजे पंचविसांत देवाचाही धरला गेला आणि तारेत चोवीसच ओवले.

मी तुम्हाला बाजूला नेऊन सांगितलं. तुम्ही विचारलंत, ‘बाजूला कशाला ठेवला?’

‘देवाला.’

तुम्ही केसपेपर मागवून माझं पंचवीस पुन्हा वाचलंत. मग म्हणालात, ‘म्हणजे तो मणी पायात गेलाच नाही. शंभर टक्के?’

मी म्हणाले, ‘शंभर टक्के.’

हेच ते खोटं, सर. ट्रेच्या कोपऱ्यातला मणी मला डोळ्यांपुढे दिसत होता, हे खरं. पण त्याच आठवड्यात आपण एका ड्रायव्हरसाठीही माळ केली होती. मला दिसत होता तो मणी त्याच्या वेळचा की जानाबाईच्या, हे छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. ट्रेवरची फडकी केव्हाच धुवायला गेली होती. पुरावा काही नव्हता. माझी सवय तेवढी माहीत होती, आणि सवय कधी चुकत नाही असं नाही. मी हो म्हटलं कारण तो पाय परत उघडलेला मला बघवला नसता. आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. देवाचं निमित्त आधीच सांगून बसले होते, त्यावर ‘बहुतेक’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

तुम्ही परत हात धुवून आलात. ‘बंद करू या,’ म्हणालात. जखम शिवलीत. संध्याकाळी नवीन नियम सांगितलात, मणी तीनदा मोजायचे, वळताना, ओवताना, ठेवताना, आणि दर वेळी दोघांनी. मला एक शब्द बोलला नाहीत. फक्त पुढच्या माळेच्या वेळी, मी पहिला मणी वळल्याबरोबर स्वतःच चिमट्याने उचलून वेगळ्या वाटीत ठेवलात आणि म्हणालात, ‘हा देवाचा. लिहा, देवाचा एक.’ तेव्हापासून आपल्या केसपेपरवर ‘दे. एक’ असं येत गेलं. मागे तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘दे.’ म्हणजे काय विचारलं तर तुम्ही चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलंत, ‘देखरेखीचा नमुना.’

जानाबाईचं हाड सात महिन्यांनी जुळलं. वर्षाच्या आत ती लाँचवर चढायला लागली. हॉस्पिटलात पापलेटं घेऊन आली आणि शाकाहारी डॉक्टरला काय द्यावं ह्या विचाराने हिरमुसली. मग ती मीच नेली. पण सर, मी ती चवीने खाल्ली नाहीत. त्या दिवसापासून चार वर्षं, ताप घेऊन आलेली कुठलीही कोळीण दारात दिसली की मी आधी तिचा चेहरा बघायचे, जानाबाई तर नाही ना. जानाबाईला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तिने विचारलं असतं, का विचारतेस.

तुमच्या डोक्यात तेव्हापासून नवा किडा शिरला. माळच नको. हाडात घालायच्या सळईलाच औषधाच्या सिमेंटचा लेप द्यायचा. हाडाला आधारही मिळेल आणि औषधही, ‘आणि सिस्टर, मोजायची भानगडच नाही.’ हे म्हणताना माझ्याकडे बघून हसायचात. प्रयोगासाठी मटणवाल्याकडून हाडाची न फोडलेली नळी आणायला मला पिटाळायचात. स्वतः दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत यायचात आणि पाठ करून उभे राहायचात. सळई ठोकली की लेप शेंगदाण्याच्या फोलपटासारखा निघून यायचा. तुम्ही म्हणायचात लेप पातळ करा. मी म्हणायचे लेपाचा दोष नाही, सळई गुळगुळीत आहे, आधी खरवडून घ्या. हा वाद आपण दोन वर्षं घातला. शेवटच्या शनिवारीही घातला. तुम्ही म्हणालात, ‘सोमवारी तुमच्या पद्धतीने करून बघू, म्हणजे तुमचं तोंड बंद होईल.’ सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला. मी नळी आणून ठेवली होती, सर. तिचं काय करायचं ते मला सुचेना.

परवा सभा संपली आणि बाहेर पायऱ्यांवर जानाबाई दिसली. नवं लुगडं नेसून आली होती आणि एकटीच बसली होती. मी शेजारी टेकले. तुम्ही गेलात त्यामुळे असेल, पण चार वर्षं न निघालेले शब्द निघाले. मी विचारलं, ‘जानाबाई, पाय कसा आहे? ताप वगैरे येतो का? आतून टोचतं का कधी?’

ती हसली. ‘तू पन तेच इचारतंस?’

‘अजून कोण विचारतं?’

‘डाक्तर. दर साली याचा ना मोऱ्याला. नारली पुनव झाली की याचा. मासं खात नाय, तरी बोलाचा, बाजार बघाया आलू. मंग धक्क्यावं बसाचा, माजा पाय मांडीवं घ्याचा, आन् अंगठ्यान् दाबून दाबून बघाचा. ताप येतं का, टोचतं का, रातचं ठनकतं का. मी बोल्लू, इतकी काळजी हाय तं त्या सिस्टरला इचार, तिनंच मोजलंन. तं बोल्ला, तिला नको सांगू. तिची झोप जाल.’

ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘पाय चांगला हाय गो. काय नाय त्यात.’

तर तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी माझं ‘शंभर टक्के’ तुम्ही नव्वद धरलं होतंत. नव्वदावर जखम शिवलीत आणि उरलेले दहा कुणाला न सांगता स्वतःकडे ठेवलेत. चार वर्षं मी ते ओझं माझं एकटीचं समजत होते आणि तुम्ही दर वर्षी मासळीच्या वासात नाक मुठीत धरून ते हलकं करून येत होतात. मला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी रागाने विचारतेय. आणि तुमचे उपकार मानायचे राहून गेले, हेही त्याच रागात म्हणतेय. तुमच्यासमोर मला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायची सवयच नाही.

जानाबाई म्हणाली, पुनव झाली, औंदा डाक्तर आला नाय. तिथेच पायरीवर तिने लुगडं जरा वर घेतलं, पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि तुम्ही अंगठा कुठे दाबायचात ते दाखवलं. घोट्याच्या वर चार बोटं, नडगीच्या आतल्या बाजूला. मी दाबून पाहिलं. हाड टणक आहे, सर, दुखत नाही, गरम लागत नाही. पुढच्या वर्षी पुनव झाली की मी मोऱ्याला जाईन.